अर्धवेळ चाकरी, पूर्णवेळ हजेरी

महाविद्यालयाच्या शिपायाच्या बगलेत एक जाडजूड, कोपरे झिजलेली वही असते. तिला सूचना-वही म्हणतात. प्राचार्यांनी काढलेली सूचना तीत डकवायची, खाली अध्यापकांची नावे क्रमाने मांडायची आणि ती वही वर्गावर्गांतून फिरवून प्रत्येकाची सही आणायची, हा शिरस्ता मोबाइलवरील गटांचा सुळसुळाट होऊनही पुष्कळ ठिकाणी मोडलेला नाही. सूचनेची भाषाही ठरलेली: शनिवारी दुपारी तीन वाजता सर्व अध्यापकांची सभा आयोजित करण्यात आली असून सर्वांची उपस्थिती अनिवार्य आहे. नावांच्या यादीत सर्वांत तळाशी, कित्येकदा मध्ये एक रेघ ओढून, तासिका तत्त्वावरील अध्यापकांची नावे येतात. त्यांतील एखाद्याचे तास सकाळी साडेसातला सुरू होऊन साडेदहाला संपलेले असतात, दुपारी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात त्याला आणखी दोन तास घ्यावयाचे असतात, आणि मधली एस.टी. चुकली तर त्या दोन तासांच्या मोबदल्यावर पाणी सोडावे लागते. शिपाई त्याला फाटकापाशी गाठतो आणि म्हणतो, "सर, तेवढी सही करून जा, नाहीतर बाई मला बोलतील." सही होते. वास्तविक त्या सहीचा अर्थ 'सूचना वाचली' एवढाच. परंतु सोमवारी तो कामावर रुजू होतो तेव्हा तिचा अर्थ 'येण्याचे कबूल केले होते' असा झालेला असतो, आणि 'आपण आला नाहीत' हे वाक्य त्याला थोड्या कोरड्या स्वरात ऐकावे लागते.

ज्याला आठवड्यातील थोडक्याच तासांसाठी नेमलेले आहे, त्याने नेमल्या तासांबाहेरच्या सभेला यावे अशी अपेक्षा धरणे रास्त आहे काय, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. एखादा तास बसले तर काय बिघडले, असे म्हणणारे सद्गृहस्थ प्रत्येक कार्यालयात भेटतात, आणि ते बहुधा मासिक वेतनावर असतात. तथापि शाळा, महाविद्यालये, दवाखाने, दुकाने, ग्रंथालये, पतपेढ्या अशा सर्वच ठिकाणी अंशकालीन माणसांची संख्या आता दुर्लक्ष करण्याजोगी राहिलेली नाही, आणि त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात सभेविषयी बहुधा एक अक्षरही नसते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1994 साली संमत केलेल्या 175 क्रमांकाच्या करारात अंशकालीन कामगाराची व्याख्या सरळ केलेली आहे: त्याच प्रकारचे काम करणाऱ्या पूर्णवेळ कामगारापेक्षा ज्याचे नेहमीचे तास कमी, तो अंशकालीन. केवळ अंशकालीन आहे एवढ्याच कारणावरून त्याचे मूळ वेतन, तासांच्या प्रमाणात मोजले असता, पूर्णवेळ माणसाच्या वेतनाहून कमी पडू नये, असेही तो करार सांगतो. भारताने या करारास मान्यता दिलेली नाही. सबब आपल्याकडे या विषयाचा निवाडा शासन निर्णय, नेमणूकपत्रे आणि वरिष्ठांची मर्जी या तिहींच्या संगनमतानेच होत आलेला आहे.

महाविद्यालयाचेच उदाहरण थोडे विस्ताराने घेतो, कारण तेथे हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांप्रमाणे पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार वर्षातील 30 कामकाजी आठवड्यांत दर आठवड्याला 40 तासांपेक्षा कमी असता कामा नये, आणि त्याने रोज निदान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असले पाहिजे. या 40 तासांपैकी सहायक प्राध्यापकाने प्रत्यक्ष शिकवावयाचे तास 16. मग उरलेले 24 तास कशासाठी? तर ग्रंथवाचन, टिपणे, विद्यार्थ्यांच्या शंका, उत्तरपत्रिका, संशोधन, निरनिराळ्या समित्या आणि अर्थातच सभा, यांसाठी. म्हणजे मासिक वेतन देणाऱ्या सरकारनेच मान्य केले आहे की वर्गातील एका तासामागे वर्गाबाहेरचा दीड तास उभा असतो, आणि त्या दीड तासाचे दाम वेतनात समाविष्ट आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या बाबतीत मात्र हाच दीड तास हिशेबाच्या वहीतून अंतर्धान पावतो. तो आठवड्याला आठ तास शिकवीत असेल तर आठ तासांचे देयक निघते. त्यांच्या मागील बारा तास त्याने आपल्या पदरचे घालावेत अशी मूक अपेक्षा असते.

यावर एक उत्तर दिले जाते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. तासाचा दर ठरवताना पूर्वतयारीचा विचार केलेलाच असतो, असे ते उत्तर. आयोगाने जानेवारी 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी दर व्याख्यानास 1500 रुपये आणि महिन्याला अधिकाधिक 50,000 रुपये अशी मर्यादा घातली. महाराष्ट्र शासनाचे तासिका तत्त्वाचे दर त्याहून कमीच राहिले, हा भाग अलाहिदा. वादापुरते असे धरून चालू की या दरात तयारीचे श्रम मिळवलेले आहेत. परंतु तयारी आणि सभा यांत एक मूलगामी भेद आहे, आणि या संबंध प्रश्नाची किल्ली मला त्या भेदातच दिसते. तयारी माणूस आपल्या सवडीने करतो. रात्री जेवणे आटोपल्यावर, एस.टी.च्या खिडकीशी बसून, रविवारी सकाळी, जेव्हा जमेल तेव्हा. ती वेळ त्याची असते. सभेची वेळ दुसरा ठरवतो, जागाही दुसरा ठरवतो, आणि त्या वेळी त्या जागी देहाने हजर राहण्याचा हुकूम असतो. दुसऱ्याच्या हुकमाने जी वेळ बांधली जाते तिलाच जगभर कामाची वेळ म्हणतात. दुकानातील मदतनीस गिऱ्हाईक नसताना स्टुलावर बसून असतो तेव्हाही त्याचा पगार चालू असतो, तो याच न्यायाने.

तेव्हा सभेचा तास हा कामाचा तास होय, हे प्रथम मान्य करावे. तो मान्य केला की पुढचा आक्षेप पूर्णवेळ सहकाऱ्यांकडून येतो, आणि त्यांचे म्हणणे मी सहानुभूतीने ऐकतो. तासिकावाले तास घेतात आणि निघून जातात. परीक्षा समिती, शिस्त समिती, सांस्कृतिक मंडळ, 'नॅक'च्या मूल्यांकन-भेटीपूर्वी रात्री आठ-आठ वाजेपर्यंत सजवावयाच्या धारिका, हे सर्व लचांड आमच्याच गळ्यात, अशी त्यांची तक्रार असते. रिकाम्या पदांवर नेमणुका न झाल्यामुळे ज्या विभागात पूर्वी चार माणसे होती तेथे आता एकच कायम अध्यापक आणि भोवती तीन तासिकावाले, असा देखावा महाराष्ट्रात नवीन नाही. त्या एका माणसाचे कंबरडे मोडते यात संशय नाही. परंतु हा अन्याय रिक्त पदांनी निर्माण केलेला आहे. ज्याला आठ तासांचे पैसे मिळतात त्याच्याकडून चाळीस तासांची निष्ठा मागून त्याचे परिमार्जन होत नाही. अन्याय फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकतो.

आता सभा आतून कशी असते ते पाहू. तीनची सभा सव्वातीनला सुरू होते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा पहिला विषय. ते वाचताना अर्धे लोक चहाच्या कपाकडे आणि उरलेले घड्याळाकडे पाहतात. मग प्राचार्यांचे मनोगत, विद्यापीठाकडून आलेली परिपत्रके, कोणाच्या तरी निवडीबद्दल अभिनंदनाचा ठराव, स्नेहसंमेलनाच्या तारखेवरून एक लांबलचक चर्चा, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. अनुभवी माणसांना ठाऊक आहे की खरी गोम या शेवटच्या सदरात असते. पुढील सत्राचे वेळापत्रक, कोणत्या विषयाचा कार्यभार किती उरतो, कोणती तुकडी बंद करावयाची, अंतर्गत परीक्षेचे गुण कोणत्या तारखेपर्यंत भरावयाचे, हे सर्व तेथे पाच मिनिटांत ठरते. या प्रत्येक गोष्टीची झळ सर्वांत आधी तळच्या यादीतील माणसाला बसते. मंगळवारचा तास बुधवारी गेला तर कायम अध्यापकाची फार तर गैरसोय होते. तासिकावाल्याचे दुसऱ्या महाविद्यालयातील काम जाते.

म्हणून, अंशकालीनांना सभेतून सूट द्या, प्रश्न मिटला, असे म्हणणारांशीही माझे जमत नाही. सूट हे दयाळूपणाचे रूप असले तरी व्यवहारात ती बहिष्काराच्या जवळ जाते. सभेला न बोलावलेल्या माणसाला निर्णय कळतो तो जिन्यात, शिपायाकडून, अर्धवट आणि बहुधा उशिरा. तसे पाहिले तर औपचारिक निर्णयप्रक्रियेत त्याचे स्थान आधीच पातळ आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 97 प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिची वर्षातून निदान चार वेळा बैठक व्हावी लागते. तीवर तीन अध्यापक निवडून जातात, परंतु त्यांना निवडतात ते पूर्णवेळ अध्यापक आपल्यामधून. तासिकावाल्याला तेथे मतच नाही. मग उरते ती साधी कर्मचारी-सभा. तीतही त्याची खुर्ची काढून घेतली तर संस्थेशी त्याचा संबंध केवळ खडू आणि देयक एवढ्यापुरता राहील.

बोलवावे, परंतु त्या वेळेचे मोल द्यावे, ही व्यवस्था कल्पनेतली नाही. आपल्याच सरकारने ती एका ठिकाणी लागू केलेली आहे, आणि तीही अशा कामकरी स्त्रियांच्या बाबतीत ज्यांना सरकार कर्मचारी मानावयासही तयार नाही. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा 'आशा' ही मानसेवी स्वयंसेविका असेल, तिला वेतन नसेल, आणि तिच्या नेहमीच्या उपजीविकेला धक्का लागणार नाही अशा बेताने तिचे काम आखले जाईल, अशी योजना होती. तिला मिळतो तो कामागणिक मोबदला. 2018 साली केंद्राने नित्याच्या कामांसाठीचा हा मोबदला महिन्याला 2000 रुपये केला. त्याचा त्या वेळचा तपशील पाहिला तर ग्राम आरोग्य व पोषण दिनाचे 200, गावच्या आरोग्य समितीची बैठक भरवण्याचे 150, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील मासिक आढावा बैठकीस हजर राहण्याचे 150 रुपये अशा बाबी आढळतात. उरलेले 1500 निरनिराळ्या याद्या व नोंदवह्या अद्ययावत ठेवण्याचे. बैठकीची हजेरी ही स्वतंत्र, मोबदल्यास पात्र अशी बाब म्हणून तेथे छापलेली आहे.

रक्कम पुरेशी आहे असे मात्र कोणी म्हणू नये. वाडीवरून निघालेली आशाताई सकाळी भाकऱ्या थापून, नोंदवह्यांची पिशवी काखेत मारून वडापच्या जीपने केंद्रावर येते. तेथे गटप्रवर्तक तिच्या याद्या तपासते, आरोग्यसेविका लसीकरणाचे राहिलेले लाभार्थी विचारते, वैद्यकीय अधिकारी तिसऱ्याच कामात गुंतलेले असल्यामुळे बैठक तासभर लांबते, आणि ती घरी परतते तोवर शेतातील त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. शिवाय एका मासिक बैठकीखेरीज मध्येच निघणाऱ्या 'तातडीच्या' बैठका कोणत्या बाबीत पडतात, हा प्रश्न तिच्या संघटना वारंवार विचारीत आल्या आहेत. तरीही तत्त्व म्हणून पाहता, महाविद्यालयातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या अध्यापकाला जे मिळालेले नाही ते तिच्या मोबदल्याच्या कोष्टकात आहे: बैठकीच्या नावाने एक ओळ आणि तिच्यासमोर एक आकडा.

अंगणवाडीची कथा याच्या उलट टोकाची आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यापासून अंगणवाडी सेविकेला मानधन मिळत आले, आणि ती थोड्या तासांपुरते काम करते असे सरकारे सांगत आली. प्रत्यक्षात अंगणवाडी सुटल्यावर गृहभेटी, नोंदवह्या, पोषण आहाराचा हिशेब, मोबाइलवर भरावयाची माहिती, पर्यवेक्षिकेने बीटात बोलावलेली बैठक आणि प्रकल्प कार्यालयातील बैठक हे सगळे दिवसाच्या उरलेल्या भागात कोंबलेले असते. उपदान देण्याचा प्रश्न गुजरातमधून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हा सरकारपक्षाने हीच अंशकालीनतेची ढाल पुढे केली. 25 एप्रिल 2022 च्या निकालात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी ती मान्य केली नाही. सेविकांवर सोपवलेल्या कर्तव्यांचा पसारा पाहता हे काम अंशकालीन म्हणता येणार नाही, असे सांगून 1972 चा उपदान कायदा त्यांना लागू असल्याचा निर्वाळा न्यायालयाने दिला. नेमणुकीच्या कागदावर 'अर्धवेळ' लिहून वर्षानुवर्षे पूर्णवेळ राबवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा निकाल एकदा वाचून पाहावा.

मोबदला अंशतः आणि हक्क मात्र अष्टौप्रहर, ही तऱ्हा आपल्या भूमीत आधुनिक नाही. 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत पदांच्या कायद्याखाली महार वतनदाराची जी सेवा चाले तिला वेळेचे कुंपणच नव्हते. सरकारी कामाची हाक केव्हाही येई, आणि तो स्वतः घरी नसेल तर घरातील दुसऱ्या माणसाला जावे लागे. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्यामागे तुटपुंजा मोबदला आणि अमर्याद सेवा यांच्या याच जोडगोळीवरचा आक्षेप होता. वतने कायद्याने गेली. पण माणसाला थोड्याशा मोबदल्यात सदैव हाकेच्या अंतरावर ठेवण्याची कार्यालयीन सवय तितक्या सहजासहजी गेली असे म्हणवत नाही. अर्थात महार वतनामागे जन्माची सक्ती होती, तासिका तत्त्वामागे बेकारीची आहे. दोहोंना एका तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही.

परदेशांत हा प्रश्न कायद्याने पुष्कळ बारकाईने हाताळलेला दिसतो. अमेरिकेतील संघराज्याच्या श्रमनियमांनुसार सभेचा किंवा प्रशिक्षणाचा वेळ कामाच्या तासांतून वगळावयाचा तर चार अटी एकसमयावच्छेदेकरून पुऱ्या व्हाव्या लागतात: सभा कामाच्या नेहमीच्या वेळेबाहेर असली पाहिजे, येणे खरोखर ऐच्छिक असले पाहिजे, विषय त्या माणसाच्या कामाशी थेट संबंधित नसला पाहिजे, आणि सभेत बसून त्याने कोणतेही उत्पादक काम केलेले नसले पाहिजे. चारपैकी एक जरी अट ढळली तरी तो वेळ मजुरीचा. हा नियम आपल्याला लागू नाही. परंतु कसोटी म्हणून तो कोणत्याही मुख्याध्यापकाने, दुकानदाराने किंवा पतपेढीच्या व्यवस्थापकाने टेबलाच्या काचेखाली ठेवण्याजोगा आहे. त्यातील ऐच्छिकतेची अट विशेष मार्मिक. आपल्याकडे सूचनेत 'शक्य असल्यास' लिहिलेले असते, आणि पुढच्या जून महिन्यात मुलाखतीच्या वेळी कोणाला शक्य झाले नव्हते याचे स्मरण मंडळींना अचूक राहते. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हावयाची आहे त्याच्या बाबतीत 'ऐच्छिक' हा शिष्टाचारापुरता उच्चारलेला शब्द आहे.

दूरस्थ सभांनी ही अडचण सुटेल अशी आशा करोनाच्या काळात पुष्कळांनी बाळगली होती. एस.टी.चा प्रवास वाचला हे खरे. परंतु जी सभा पूर्वी दुपारी तीनला भरे ती आता रात्री साडेआठलाही भरू लागली, कारण त्या वेळी सगळेच घरी असतात असे गृहीत धरणे सोपे झाले. पडद्यावरील चौकटीत चेहरा दाखवीत दुसऱ्या हाताने मुलाला भरवणारी अंशकालीन शिक्षिका ही कामावर आहे की घरी, हे ठरवण्याचे कोणतेही कोष्टक संस्थांनी केलेले नाही.

काही गोष्टी मात्र कायद्याची वाट न पाहताही करता येतात, आणि सुजाण संस्थाचालक त्या करीतही असतील. सत्राच्या आरंभीच सभांचे दिवस जाहीर केले तर माणूस आपले दुसरे काम त्याप्रमाणे लावून घेऊ शकतो. वार आळीपाळीने बदलले तर दर वेळी एकाच माणसाची एस.टी. चुकत नाही, आणि सर्वांशी संबंधित विषय आधी घेऊन अभिनंदनाचे ठराव शेवटी ठेवले तर तासाभरात अर्धी खोली मोकळी करता येते. जो येऊ शकला नाही त्याला इतिवृत्ताची प्रत दुसऱ्या दिवशी मिळावी आणि ती कायम होण्यापूर्वी त्यावर लेखी म्हणणे मांडण्याची मुभा त्याला असावी. यांतील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

पैसा लागतो तो एकाच बाबीला, आणि ती संस्थाचालकांच्या हातची नाही. तासिका तत्त्वाचे दर शासन ठरवते. त्यांत व्याख्यानाचा दर असतो, प्रात्यक्षिकाचा असतो, सभेच्या तासाचा नसतो. आरोग्य विभागाच्या कोष्टकात जी बाब बसू शकते ती उच्च शिक्षण विभागाच्या कोष्टकात बसू नये, याला कोणतेही तात्त्विक कारण दिसत नाही. तासिका तत्त्वाचा यापुढचा शासन निर्णय निघेल तेव्हा व्याख्यानाच्या दराखाली सभेच्या तासाचाही दर नमूद व्हावा, आणि तो होईपर्यंत कोणत्याही प्राचार्याने अशा अध्यापकाच्या गैरहजेरीची नोंद त्याच्या पुढील नेमणुकीच्या विरुद्ध वापरू नये.